दारातून सुटलेली चूक

लेण्याद्रीच्या पायऱ्या सुरू होण्याआधी जी दुकाने लागतात, त्यांत नारळ, पेढे आणि माळांच्या गर्दीत एक छोटी वस्तू हमखास असते. पाकिटात बसेल एवढे, प्लास्टिकचे आवरण चढवलेले गिरिजात्मजाचे कार्ड. पुढे देव, मागे स्तोत्र किंवा आरती. आता समजा, अशा कार्डांच्या गठ्ठ्यात चार विचित्र कार्डे निघाली. पहिल्यात देवाचा शेंदरी रंग केसभर डावीकडे सरकला आहे, त्यामुळे सोंडेच्या कडेला दुसरी सोंड दिसते. दुसऱ्यात देव ठीक आहे, पण मागची आरती डोके खाली करून छापली आहे. तिसऱ्यात देवाच्या छातीवरून फिकट अक्षरांत कुणाच्या तरी लग्नाचा मुहूर्त आणि कार्यालयाचा पत्ता गेला आहे. चौथ्यात सगळे जागच्या जागी आहे, मात्र चित्र निळसर पडले आहे, शेंदूर नावालाही नाही.

आपण चारही कार्डांना एकच नाव देऊन मोकळे होऊ: छपाई चुकली. जुनी छापील कार्डे जमवणारा माणूस असे म्हणणार नाही. तो पहिल्या दोघांना चूक म्हणेल, तिसऱ्याला रद्दी म्हणेल आणि चौथ्याला हात न लावता दुकान कोणत्या दिशेला उघडते ते आधी बघेल. चूक आणि रद्दी यांतला हा फरक चित्रात नसतोच. तो असतो त्या कागदाच्या प्रवासात. बिघडलेला कागद छापखान्याच्या दारातून माल म्हणून बाहेर पडला तर ती चूक. बिघडला म्हणून, किंवा बिघडवायलाच घेतला म्हणून, दाराच्या आत राहायला हवा होता आणि तरी बाहेर आला तर ती रद्दी. डोळ्यांना दोन्ही अगदी सारखी दिसू शकतात. तरीही शंभर वर्षांपूर्वी तो कागद कोणत्या वाटेने गेला हे आज भिंगातून सांगता येते, आणि मला तरी हे एखाद्या गुप्तहेरकथेपेक्षा कमी वाटत नाही.

आधी रद्दी जन्मते कशी ते पाहू. रंगीत चित्र एका झटक्यात छापले जात नाही. आजच्या ऑफसेट यंत्रावर निळा, किरमिजी, पिवळा आणि काळा अशा चार शायांचे चार ठसे एकाच कागदावर एकमेकांच्या बरोबर वर बसावे लागतात. या बसण्याला छापखान्यात ‘रजिस्टर’ म्हणतात, आणि ‘रजिस्टर जमत नाही’ हे वाक्य मशीनमनच्या तोंडून निघाले की समजावे, आज उशीर आहे. यंत्र सुरू झाल्यावर पहिले शे-दोनशे कागद कधीच चांगले निघत नाहीत. शाई आणि पाणी यांचे प्रमाण बसलेले नसते, एक रंग वर तर दुसरा खाली गेलेला असतो. ही सगळी जुळवाजुळव म्हणजे मेकरेडी. तिच्यासाठी कोरा कागद वापरणे कोणत्याही मालकाला परवडत नाही. म्हणून मशीनमन मागच्या कामाचे वाया गेलेले कागद पुन्हा यंत्रात घालतो. उद्या तेच कागद तिसऱ्या कामाला. असा एखादा कागद आठवडाभर यंत्राखालून जात राहतो आणि त्याच्यावर गणपती, लग्नपत्रिका, खताच्या पिशवीचे चित्र, शाळेचे प्रगतिपुस्तक असे थर चढत जातात. पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या परिसरातल्या छापखान्यांत एके काळी असे कागद गठ्ठ्यांनी दिसायचे. वह्यांना कव्हर घालायला आणि भेळेच्या दुकानात त्यांची सोय व्हायची. त्यातला एखादा कागद कुणी नीट पाहिला असेल तर त्याला कळले असेल की गावातल्या आठ दिवसांच्या सगळ्या घडामोडी एकावर एक रचून ठेवल्या आहेत.

लेण्याद्रीच्या तिसऱ्या कार्डाचे कोडे इथेच सुटते. देवावर लग्नाचा मुहूर्त आला तो यंत्र चुकल्यामुळे नाही. यंत्राने नेमून दिलेले काम चोख केले. तो कागद मुळात माल व्हायचाच नव्हता.

हे सगळे समजून घ्यायला पुणे जिल्ह्यातच एक उत्तम जागा आहे, पण ती जुन्नरला नाही, मावळात आहे. कार्ले आणि भाजे या लेण्यांच्या मधल्या मळवलीत. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत गिरगावात चित्रांचा छापखाना काढला. तो नंतर घाटकोपरला आणि तिथून मळवलीला गेला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाकडे आला आणि लक्ष्मी, सरस्वती, दत्त, शकुंतला, दमयंती यांची चित्रे तिथून घराघरांत गेली. दादासाहेब फाळके चित्रपटाकडे वळण्याआधी याच छापखान्यासाठी फोटोलिथोचे काम करत होते. १९७२ मध्ये आग लागून बरेच काही गेले.

तिथे छपाई दगडावर होत असे. बव्हेरियातला आलोइस झेनेफेल्डर हा नाटककार. स्वतःची नाटके स्वस्तात छापायच्या खटपटीत त्याला १७९६ च्या सुमारास दगडावरून छापण्याची युक्ती सापडली. दगडावर तेलकट शाईने चित्र काढायचे, दगड ओला करायचा, मग छपाईची शाई फिरवायची. ओल्या जागी शाई धरत नाही, तेलकट रेघेवर तेवढी धरते. एवढेच. पण त्यासाठी दगड हवा बारीक कणांचा, पाणी आणि तेल दोन्ही सारखे शोषणारा चुनखडीचा, आणि तो मिळे बव्हेरियातल्या झोल्नहोफेनला. सह्याद्रीत दगडाला तोटा नाही. मळवलीच्या दोन्ही बाजूंना तर सबंध डोंगर कोरून ठेवलेत. तरी आपला काळा बेसाल्ट या कामाला कुचकामी. म्हणून जिथे दोन हजार वर्षांपूर्वी माणसांनी दगडात देवघरे कोरली, तिथे जर्मनीतून दगड आणून त्यांवर देव काढले गेले.

मराठीला हे शिळाछाप तंत्र मळवलीच्याही आधीपासून ठाऊक होते. गणपत कृष्णाजींनी मुंबईत १८३१ साली शिळाछापाने पंचांग छापले. छपाईच्या शाईत जनावराची चरबी असते म्हणून लोक छापील पोथी शिवायला तयार नव्हते, तेव्हा त्यांनी तुपाची शाई वापरली असे सांगतात. काळ्या एका रंगाच्या पंचांगाला एक दगड पुरे. रविवर्म्याच्या लक्ष्मीला मात्र प्रत्येक रंगाचा वेगळा दगड लागे. साडीचा गुलाबी, कमळाचा फिकट, अंगाचा पिवळसर, सावलीचा तपकिरी असे करत डझनभर दगड सहज. म्हणजे एकच कागद डझनभर वेळा यंत्राखालून जाणार, दर वेळी शाई वाळायला थांबणार आणि दर वेळी आधीच्या ठशावर तंतोतंत बसणार. आता यात मावळचा पाऊस घाला. कागद दमट हवेत फुगतो, कोरड्या हवेत आकसतो. सोमवारी पिवळा छापलेला कागद गुरुवारी लाल घ्यायला येईपर्यंत थोडा मोठा झालेला असतो, आणि मग लक्ष्मीच्या डोळ्याची बाहुली डोळ्याच्या बाहेर पडते. रंगीत शिळाछापाचे चित्र नीट निघत असे हीच नवलाची गोष्ट आहे. ते बिघडले तर त्यात विशेष काय?

या डझनभर फेऱ्यांमुळे एक तिसरा प्रकारही तयार होतो, ज्याला चूकही म्हणता येत नाही आणि रद्दीही. चित्रकाराला व मालकाला दाखवण्यासाठी मुद्दाम काढलेले नमुने, म्हणजे प्रूफ. नुसता पिवळा छापलेला एक कागद, मग पिवळा आणि तांबडा, मग त्यावर निळा, असे टप्प्याटप्प्याने. कडेला जुळणीच्या खुणा, अधिक चिन्हासारख्या दोन बारीक रेघा. ही मुद्दाम अपुरी ठेवलेली चित्रे आहेत. पाहणाऱ्याला मात्र अपुरे चित्र म्हणजे बिघडलेले चित्र वाटते.

अशा चित्रांचा सर्वात कसून अभ्यास कुठे झाला असेल, तर अमेरिकेत, तंबाखूच्या पाकिटांतल्या बेसबॉलच्या कार्डांवर. आपल्याकडेही पाकिटातल्या चित्रांचे वेड नवे नाही. मँचेस्टरच्या कापडाच्या ताग्यांवरची देवादिकांची रंगीत तिकिटे, परदेशातून येणाऱ्या काड्यापेट्यांवरचे राम-कृष्ण, आणि एका पिढीला अजून आठवणारी बिग फन बबलगममधली क्रिकेटपटूंची चित्रे. सगळी एकाच कुळातली. पण अमेरिकन संग्राहकांनी एकाच मालिकेवर जेवढे भिंग फिरवले तेवढे आपण कशावर फिरवले नाही. ती मालिका ‘टी २०६’ या नावाने ओळखली जाते. १९०९ ते १९११ या काळात अमेरिकन टोबॅको कंपनीने आपल्या वेगवेगळ्या ब्रँडच्या सिगारेटच्या पाकिटांतून ती वाटली. पाचशेहून अधिक वेगवेगळी कार्डे, प्रत्येक साधारण दीड इंच रुंद आणि अडीच इंचांहून थोडे उंच. पुढे खेळाडू, मागे सिगारेटची जाहिरात. पातळ पाकीट चुरगळू नये म्हणून आत घातलेला पुठ्ठा, एवढाच खरा उपयोग. छपाई शिळाछापाची, मळवलीसारखीच एकेका रंगाची. त्यातले होनस वॅग्नर या खेळाडूचे एक कार्ड २०२२ साली साडेबाहत्तर लाख डॉलरना विकले गेले. ते मात्र बिघडलेले नाही, फक्त तशी कार्डे फार थोडी छापली गेली.

याच मालिकेतली काही कार्डे पाहिली तर डोके गरगरते. एका खेळाडूच्या अंगावर दुसऱ्या दोघांचे चेहरे. पाठीवर दोन वेगळ्या सिगारेटींच्या जाहिराती, एक सुलटी, एक उलटी. काहींत नुसता पिवळा आणि तपकिरी, माणूस जणू काविळीतून उठलेला. संग्राहक यांना ‘स्क्रॅप’ म्हणतात, आपल्या भाषेत छापखान्याची रद्दी. समजूत अशी की कारखान्यातल्या कुणीतरी वाया गेलेले मोठे कागद घरी नेले आणि ते कात्रीने कापून पोरांना खेळायला दिले. ही कार्डे सिगारेटच्या पाकिटात कधी गेलीच नाहीत. उलट, याच मालिकेत पाकिटातून निघालेली बिघडलेली कार्डेही आहेत: एका रंगाने हुकलेली, मागची जाहिरात उलटी पडलेली, कापताना शेजाऱ्याचे अर्धे नाव घेऊन आलेली. ती खरी मिसप्रिंट.

मग ओळखायचे कसे? लेण्याद्रीची मूर्ती पाठमोरी आहे, आपण देवाची पाठ पुजतो, असे म्हणतात. कार्ड जमवणाऱ्यांचेही असेच आहे. पुढचा चेहरा सगळेच बघतात, जाणकार आधी कार्ड उलटतो. पाठपोट छपाईत मोठ्या कागदाची एक बाजू पूर्ण झाली की सगळा गठ्ठा उलटून मागची बाजू छापतात. गठ्ठा उलटताना एखादा कागद फिरला तर त्याच्यावरच्या सगळ्या कार्डांची पाठ डोक्यावर उभी राहते. यंत्राने दोन कागद चिकटून एकदम ओढले तर वरच्यावर शाई पडते आणि खालचा त्या फेरीपुरता कोरा राहतो. या दोन्ही गोष्टी चालू कामात, हजारो चांगल्या कागदांच्या मध्ये, कुणाच्या लक्षात न येता होतात. म्हणून कोरी किंवा उलटी पाठ ही चूक असू शकते. पण पाठीवर एकावर एक दोन जाहिराती असतील तर तो कागद दोनदा यंत्रात गेला, आणि तयार माल कुणी दुसऱ्यांदा छापायला घालत नाही. तिथे रद्दीचा संशय घ्यायचा.

मला सर्वात भावलेली युक्ती रंगांच्या क्रमाची आहे. समजा एका कार्डात तांबडा रंग नाही. शिळाछापात रंगांचा एक ठरलेला क्रम असतो. फिकट रंग आधी आणि गडद मागून. आता बघायचे, तांबड्याच्या नंतर छापले जाणारे रंग त्या कार्डावर आहेत का? असतील, तर तो कागद फक्त एका फेरीत निसटला आणि पुढच्या सगळ्या फेऱ्यांना हजर राहिला. तो रांगेत होता. त्याला माल म्हणूनच वागवले जात होते. ही बहुधा खरी चूक. पण तांबड्यापासून पुढचे सगळेच रंग गायब असतील, तर तो कागद तिथेच थांबला. कुणीतरी त्याला रांगेतून बाहेर काढला, किंवा तो त्या टप्प्याचे प्रूफच होता. म्हणजे जो रंग नाही त्याच्याकडे बघून काही कळत नाही. त्याच्या नंतरचे रंग साक्ष देतात.

तिसरा साक्षीदार म्हणजे कड. कापणी ही छापखान्यातली शेवटची पायरी. कटिंग मशीनचे पाते गठ्ठ्यातून सरळ उतरते, त्यामुळे तयार मालाची कड एकसारखी असते आणि माप सगळ्यांचे जवळपास एकच. चुकीचे कापलेले कार्डही सरळच कापलेले असते, फक्त चुकीच्या जागी. कात्रीची कड वेगळी. ती थोडी लहरत जाते, कोपऱ्यात एखादा छोटा टप्पा पडतो, माप कधी जास्त तर कधी कमी. कात्रीने कापलेले म्हणजे ते कटिंग मशीनपर्यंत पोचले नाही, म्हणजे दारातून गेले नाही. अर्थात यालाही अपवाद आहेत. पाकिटातून आलेले कार्ड एखाद्या पोराने वहीत चिकटवण्यासाठी नंतर कापलेले असू शकते. तेव्हा पाठीवर खळ किंवा डिंक सापडतो. एकच पुरावा घेऊन निकाल देणारा माणूस या धंद्यात लवकर बुडतो.

आणि काही चुका मुळात यंत्राच्या नसतातच. टी २०६ मध्ये फिलाडेल्फियाच्या शेरी मॅगी या खेळाडूच्या आडनावाचे स्पेलिंग चुकले. शेवटच्या दोन ‘ई’पैकी पहिल्याच्या जागी ‘आय’ पडला. (उच्चार तोच, त्यामुळे आपल्याला तो दोन्ही वेळा नूडल्सचाच भाऊ वाटतो.) दगडावरच चुकीचे अक्षर असल्याने त्या दगडावरून निघालेले प्रत्येक कार्ड चुकीचे, आणि प्रत्येक कार्ड रंगाने, कडेने, पाठीने निर्दोष. लवकरच कुणाच्या तरी लक्षात आले आणि अक्षर दुरुस्त झाले. दुरुस्तीच्या आधीची कार्डे थोडी असल्याने आज ती फार मोलाची आहेत. इथे छापखाना नाही चुकला, मजकूर चुकला. मराठी पुस्तकांच्या शेवटी शुद्धिपत्र जोडले जायचे ते अशाच चुकांसाठी.

सिगारेटच्या कार्डांत रद्दी बाहेर गेली तर कुणाचे फारसे बिघडत नव्हते. नाशिकचे तसे नाही. नाशिक रोडला १९२५ पासून टपाल तिकिटांचा आणि १९२८ पासून नोटांचा छापखाना. तिथे कागद मोजून आत जातो आणि मोजूनच बाहेर येतो. बिघडलेला कागद देखरेखीखाली नष्ट होतो. म्हणून या जगात चूक आणि रद्दी यांतला फरक हा नुसता शौकाचा विषय राहत नाही. टपाल खात्याच्या खिडकीवर विकले गेलेले बिघडलेले तिकीट घेणारा माणूस भाग्यवान. छापखान्याच्या आतून निघालेली रद्दी जवळ बाळगणाऱ्याला मात्र ती आली कुठून याचे उत्तर द्यावे लागेल. तिकिटे जमवणारे हे अंतर फार जुन्या काळापासून काटेकोरपणे पाळतात.

भारतातले याचे सर्वात प्रसिद्ध उदाहरण नाशिकच्या आधीचे आहे. १८५४ चे चार आण्यांचे तिकीट कलकत्त्याला शिळाछापाने छापले गेले: तांबडी चौकट आणि आत निळ्या रंगात व्हिक्टोरिया राणीचे मस्तक. दोन रंग, दोन ठसे. काही कागद दुसऱ्या रंगासाठी उलटे गेले आणि राणी चौकटीत डोके खाली करून आली. ही रद्दी नव्हे हे कशावरून? लोकांनी ती विकत घेतली, पाकिटांवर चिकटवली आणि टपालाने त्यांच्यावर शिक्का मारला. तो शिक्का म्हणजे दारातून गेल्याचा दाखला. बेसबॉलच्या कार्डांवर असा शिक्का नसतो. त्यांच्या बाबतीत फार तर तंबाखूचा तपकिरी डाग हीच टपालाची मोहर.

नोटांमध्ये एक गमतीची चूक होते. मोठ्या कागदाचा कोपरा छपाईआधी आत दुमडला जातो. छपाई त्या घडीवरून होते, कापणी घडीसकट होते. नंतर घडी उलगडली की नोटेच्या एका कोपऱ्याला कागदाचा जादा कान फुटतो, त्यावर छपाईचा तुकडा भलत्याच बाजूला गेलेला असतो आणि त्या जागी नोट कोरी. ही चूक खोटी करणे कठीण, कारण घडी, छपाई आणि कापणी या तिन्ही गोष्टी तिच्यात एकाच क्रमाने जुळाव्या लागतात. कात्री घेऊन बसलेल्या माणसाला तो क्रम उलटा करता येत नाही.

आणि सापडलेल्या रद्दीचे काय होते हेही नोटेवरच लिहिलेले असते. पूर्वी गठ्ठ्यातली एखादी नोट बिघडली तर तिच्याच क्रमांकाची दुसरी छापून त्या जागी घालावी लागे. २००६ पासून रिझर्व्ह बँकेने तारा असलेल्या नोटा आणल्या: क्रमांकाच्या आधीच्या अक्षरांनंतर एक छोटा तारा, मग आकडे. ती नोट दाराच्या आत पकडल्या गेलेल्या बिघडलेल्या नोटेच्या बदली आलेली असते. तुमच्या पाकिटात तारा असलेली नोट असेल तर तुमच्याकडे एका न पाहिलेल्या रद्दीची खूण आहे. मला हा तारा कोणत्याही मिसप्रिंटपेक्षा जास्त आवडतो.

दोन ठसे एकावर एक दिसले की लगेच चूक किंवा रद्दी म्हणायचा मोह आवरावा, हे जुन्नरच्या इतिहासानेच शिकवले आहे. लेण्याद्रीच्या समोर, जुन्नरच्या दुसऱ्या अंगाला, मानमोडीच्या डोंगरात नहपान या क्षत्रप राजाच्या अयम नावाच्या अमात्याचा शिलालेख आहे, शेचाळिसाव्या वर्षाचा. या नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी १९०६ साली नाशिकजवळ जोगलटेंभीला एकाच ठिकाणी सापडली. त्यातल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर राजाच्या चेहऱ्यावर दुसराच ठसा होता: कमानींचा डोंगर आणि उज्जैन चिन्ह. नहपानाचे नाक एका बाजूने, डोंगराची कमान दुसऱ्या बाजूने. टांकसाळीत काही बिघडले होते? नाही. गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव केला आणि चालू नाणी वितळवत न बसता त्यांच्यावर आपला ठसा मारून ती पुन्हा बाजारात सोडली. खालचा चेहरा पुरता पुसायची त्याला गरज वाटली नसावी. हरलेल्या राजाचे नाक जिंकलेल्या राजाच्या डोंगराखालून डोकावत असेल, तर त्यात जाहिरातीचा भागही असणार.

राहिले चौथे कार्ड, निळे पडलेले. ऑफसेटच्या शायांत किरमिजी आणि पिवळा उन्हाला लवकर हार जातात. निळा आणि काळा चिवट. दुकानाच्या दाराशी टांगलेला गणपती चार-पाच उन्हाळ्यांत निळसर होतो, आणि देवाचा शेंदूर पहिल्यांदा जातो कारण तो किरमिजी आणि पिवळा यांच्याच मिश्रणातून बनलेला असतो. रविवर्म्याच्या जुन्या चित्रांतले काही तांबडे रंगही असेच उडतात. अशा चित्राची चौकट उघडली की निकाल लागतो: चौकटीच्या खाली झाकलेल्या पट्टीत मूळ रंग शाबूत असतो. चुकून तांबडा न छापलेल्या कागदात चौकटीखालीही तांबडा सापडणार नाही. चित्राला नंतर चिकटवलेल्या जरी-टिकल्यांचेही तसेच. कित्येक घरांत लक्ष्मीच्या छापील साडीवर खरी जर लावत, आणि जर निघाल्यावर मागे राहिलेले डाग पाहून आज कुणी ‘दुर्मिळ छपाई’ म्हणून ते चित्र विकायला काढते.

कारण विक्री आली की लबाडी आली. पूर्वी रद्दीला कुणी विचारत नसे. आता काही रद्दी चांगल्या मालापेक्षा महाग जाते. त्यामुळे चांगल्या कार्डाचा तांबडा रसायनाने काढून ‘तांबडा हुकलेले’ कार्ड तयार करणारेही आहेत, आणि साध्या कार्डाच्या कडा कात्रीने लहरवून त्याची रद्दी करणारेही. अशा वेळी भिंगाखाली शिळाछापाचे वेडेवाकडे, हाताने टाकलेले ठिपके शोधायचे. त्यांच्या जागी ऑफसेटच्या फुलांसारख्या एकसारख्या ठिपक्यांची जाळी दिसली तर कार्ड शंभर वर्षांचे नाही. मग अंधारात अतिनील दिव्याखाली धरायचे. १९५० च्या आसपासपासून कागद जास्त पांढरा दिसावा म्हणून त्यात घातले जाणारे द्रव्य अशा दिव्याखाली निळे-पांढरे चमकते. १९१० चा कागद चमकला, तर विकणाऱ्याला नमस्कार करून उठावे. मळवलीचे म्हणून दाखवलेले एखादे चित्र चमकले, तर त्याला हे विचारावे की त्याच्या चित्रातली लक्ष्मी नक्की कोणत्या दशकात कमळात बसली.